बेस्टच्या गाड्या नेमक्या कोणाच्या? (ताफ्याचा इतिहास, ट्रामसकट)

डेपोकर (धागाकर्ता)

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली मोटारबस धावली. त्या हिशेबाने जुलै २०२६ म्हणजे बससेवेची शंभरी. त्यानिमित्त लाल डबलडेकरचे फोटो सगळीकडे फिरतील, आणि फिरायलाच हवेत. मला मात्र इथे ताफ्याबद्दल जरा खोलात जाऊन बोलायचंय. कुठल्या गाड्या आल्या, का आल्या, का गेल्या आणि त्यांचे पैसे कोणी भरले? हा पैशांचा प्रश्न बाजूला ठेवला तर बेस्टची आजची अवस्था समजणारच नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात रुळांपासून करतो, कारण बेस्टची सुरुवातही रुळांवरच झाली. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली आणि ९ मे १८७४ पासून घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाबा ते पायधुणी व्हाया क्रॉफर्ड मार्केट, दुसरा बोरीबंदर ते पायधुणी व्हाया काळबादेवी. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे, तिकीट देतच नसत. पुढे भाडं उतरलं. कंपनीच्या तबेल्यात सुरुवातीला ९०० घोडे होते. त्यांची चंदी, नाल, मोतद्दार, आजारपण, सगळा खर्च कंपनीच्या डोक्यावर. गाडी उभी असली तरी घोडा खातोच.

म्हणूनच १९०५ साल महत्त्वाचं. त्या वर्षी बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. वीजपुरवठा आणि ट्राम एकाच कंपनीकडे. वाडीबंदरला वीजनिर्मिती सुरू झाली आणि ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली. ट्राम हे विजेचं हक्काचं गिऱ्हाईक, आणि वीज हा ट्रामचा आधार. ही जोडी पुढे शंभर वर्षं टिकली. १९१६ पासून कंपनी टाटांकडून वीज विकत घेऊ लागली, तरी शहरात ती घरोघर पोचवायचं काम तिच्याकडेच राहिलं. १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या.

बसचं पुढच्या प्रतिसादात लिहितो. ज्यांच्या घरात ट्रामच्या आठवणी आहेत त्यांनी जरूर लिहा.

चिराबाजारकर

छान धागा. माझ्या वडिलांची सगळी नोकरी ट्रामच्या मार्गावर होती. ते सांगायचे ते लिहितो.

शेवटच्या थांब्यावर ट्राम वळवायची नाही. कंडक्टर खाली उतरून मागच्या दोरीने वरचा दांडा तारेवरून काढायचा, गाडीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने परत तारेला लावायचा. अंधारात दांडा तारेला लागताना ठिणगी उडायची आणि मुलं ती बघायला थांबायची. मधल्या वेळात मोटरमन आपला हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा. बाकांच्या पाठी इकडून तिकडे उलटवल्या की झाली गाडी परतीला तयार. वाटेत कोणी रुळावर आलं की मोटरमन पायाने घंटा ठणाठण वाजवायचा. गिरगावातल्या माणसाला तो आवाज झोपेतही ओळखू यायचा.

३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. वडीलही त्यात होते. मुंबईने ट्राम घालवली ही घोडचूक होती असं ते शेवटपर्यंत म्हणत, आणि माझंही तेच मत आहे.

डेपोकर

चिराबाजारकर, हँडलचं वर्णन वाचून मजा आली. धन्यवाद.

आता बस. आपल्याला बस म्हणजे सामान्यांची गाडी वाटते, पण सुरुवातीला तसं नव्हतं. ट्रामने ससून डॉक ते दादर दीड आण्यात जाता यायचं, तेच अंतर बसने चार आणे. म्हणजे ट्राम गिरणी कामगाराची आणि बस पांढरपेशांची. तरीही पहिल्या साडेपाच महिन्यांत, १९२६ संपेपर्यंत, सहा लाख प्रवासी बसने गेले आणि पुढच्या वर्षात अडतीस लाख.

१९३७ मध्ये डबलडेकर बस आली. कारण साधं: ड्रायव्हर एकच, रस्त्यावरची जागा जवळपास तेवढीच, माणसं मात्र दीडपट-दुप्पट. १९४० मध्ये लिमिटेड सेवा सुरू झाली. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, महापालिकेने सगळा कारभार ताब्यात घेतला आणि 'ट्रामवेज' जाऊन 'ट्रान्सपोर्ट' आलं. तेव्हा ताफ्यात २४२ बस होत्या आणि २३ मार्ग.

हा ताबा फार मोठी गोष्ट होती. विजेत मिळालेला पैसा भागधारकांना वाटण्याऐवजी बसमध्ये घालता आला. दादरचं वर्कशॉप, डेपो, वसाहती हे सगळं त्यातून उभं राहिलं.

रस्ते_अभियंता

चिराबाजारकर, तुमच्या वडिलांच्या भावनेचा आदर ठेवून दुसरी बाजू मांडतो.

ट्रामचे रूळ रस्त्याच्या मधोमध. माणसाला चढा-उतरायला वाहत्या रहदारीतून मधे जावं लागायचं. काळबादेवी, गिरगाव, भायखळा हे रस्ते तेव्हाही अरुंदच, आणि मोटारी वाढल्यावर ट्राम त्यांच्यात अडकू लागली. रूळ झिजलेले, गाड्या जुन्या, सगळं नव्याने घालायला प्रचंड भांडवल लागलं असतं.

याहून मोठं कारण नकाशात आहे. १९५० मध्ये मुंबईची हद्द उपनगरांत वाढली, १९५७ मध्ये ती दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. ट्राम दादर-किंग्ज सर्कलच्या पलीकडे कधी गेलीच नाही. हातात मर्यादित पैसा असताना आहे त्या रुळांची डागडुजी करायची, की अंधेरी-घाटकोपरला बस पोचवायची? त्या काळातल्या कुठल्याही व्यवस्थापकाने बसच निवडली असती.

मेलबर्नचा_मंदार

मी राहतो त्या शहराचं उदाहरण इथे लागू पडतं म्हणून लिहितोय. सिडनीने १९६१ मध्ये ट्राम पूर्ण बंद केली, कारणं अगदी रस्ते_अभियंता यांनी दिलीत तीच. मेलबर्नने ठेवली. आज इथे साधारण २५० किलोमीटरचं जाळं आहे, जगातलं सगळ्यात मोठं. आणि सिडनीला १९९७ पासून पुन्हा रूळ घालावे लागले, तेही कितीतरी पट खर्च करून.

मेलबर्नचे रस्ते मुळात रुंद आहेत हे कबूल. पण इथल्या ट्रामवे मंडळाने त्या काळात रूळ काँक्रीटमध्ये पक्के बसवून घेतले, त्यामुळे उखडणंच महाग झालं. मुंबईतले रूळ तर कित्येक ठिकाणी उखडलेही नाहीत, नुसते डांबराखाली गेले.

चिराबाजारकर

मंदार, अगदी मनातलं बोललात. रस्ते_अभियंता, तुमचा हद्दीचा मुद्दा मान्य. पण उपनगरांत बस द्यायला शहरातली ट्राम मारायलाच हवी होती हे मात्र पटत नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या पाळ्या सुटल्यावर जी गर्दी व्हायची ती एकेका बसने उचलायची म्हणजे किती बस लागणार!

रस्ते_अभियंता

पाळ्यांचा मुद्दा रास्त आहे. मोठ्या गर्दीला रूळच लागतात. पण त्यासाठी स्वतंत्र मार्गिका हवी. ती १९६४ ची मुंबई ट्रामला देणार नव्हती, आणि २०२६ ची मुंबई बसलाही देत नाहीये. बसची वेगळी मार्गिका टिकवायची नाही आणि मग बस रेंगाळते म्हणून प्रवासी रिक्षात बसतात, हा खरा रोग आहे.

डेपोकर

वाद छान चाललाय, चालू द्या. मधे एक प्रकरण सांगतो जे बहुतेकांना माहीत नसतं. ट्राम जायच्या आधीच बेस्टने ट्रॉलीबस आणली होती. ११ जून १९६२, गवालिया टँक ते माझगाव डॉक. रबरी टायरची बस, पण वीज वरच्या तारांतून. एकूण १२ गाड्या, चेकोस्लोव्हाकियातल्या स्कोडाच्या. धूर नाही, आवाज नाही, चढावर दमदार. २४ मार्च १९७१ ला ती सेवा थांबली. १२ गाड्यांसाठी वेगळी तारयंत्रणा, वेगळे सुटे भाग, वेगळे मेकॅनिक सांभाळणं परवडणारं नव्हतं. ५० गाड्या घेतल्या असत्या तर कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं. ताफ्यात एखादा प्रकार अगदी थोडा असला की तो पहिल्यांदा मरतो. हे बेस्टमध्ये पुढेही दिसलं. जांभळ्या-पांढऱ्या किंगलाँग एसी बस आठवा. २०१७ च्या एप्रिलमध्ये त्या बंद झाल्या.

१९६७ ची जोडगाडीही अशीच. पुढे ड्रायव्हरची वेगळी केबिन, मागे दुमजली ट्रेलर. ज्यांनी ती पाहिली त्यांना वळण घेतानाचा तो थाट विसरता येत नाही.

सुलभा_वडाळा

माझे बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते, आम्ही वसाहतीतच वाढलो. ताफ्याबद्दल मला तुमच्याइतकं माहीत नाही, पण गाडीच्या आतलं सांगू शकते.

डबलडेकरवर दोन कंडक्टर असत, खालचा आणि वरचा. वर उभं राहायला परवानगी नाही, त्यामुळे वरच्या कंडक्टरला खालून चढणाऱ्यांना जिन्यातच अडवावं लागायचं. हे काम फार वाईट, रोज भांडणं. वरचा सगळी तिकिटं फाडून खाली घंटेने कळवायचा की वरचं झालं. एक घंटा थांब, दोन घंटा चल. त्या जोडगाडीत तर ड्रायव्हरला मागचं काहीच ऐकू जायचं नाही, सगळा भरवसा घंटेवर.

बाबांची तिकिटाची पेटी अजून आमच्याकडे आहे. प्रत्येक किमतीचं वेगळ्या रंगाचं पुडकं, आणि हातात पंच. रिकाम्या बोटांनी पेटीवर पंच टकटक करत ते गर्दीतून पुढे जायचे, "सुट्टे काढा, सुट्टे काढा". पाळी संपली की डेपोत वे-बिल जुळवायचं. हिशेबात चार आणे कमी भरले तर खिशातून. आईने जेवायला वाढून ठेवलेलं असायचं आणि बाबा अंथरुणावर बसून नाणी मोजायचे. पैशांच्या त्या काळ्या झालेल्या बोटांचा वास मला अजून आठवतो.

२६ जुलै २००५ च्या पुरात बाबांची गाडी कुर्ल्याजवळ अडकली. प्रवासी रात्रभर गाडीतच होते आणि ते आणि ड्रायव्हरकाका त्यांच्याबरोबर राहिले. गाडी सोडून जायचं नाही हे कोणी सांगावं लागत नव्हतं.

मेलबर्नचा_मंदार

सुलभाताई, बाबांना माझा नमस्कार सांगा.

घाटकोपरी

सुलभाताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. +१

मला एक विचारायचंय. बसच्या नंबरांमागे काही पद्धत आहे का? आमच्याकडे सगळे ३०० आणि ४०० चेच नंबर का?

डेपोकर

आहे. एक ते दोनशेच्या आतले बहुतेक जुन्या शहरातले. २०० ची मालिका पश्चिम उपनगरांची, ३०० आणि ४०० ची पूर्व उपनगरं आणि पूर्व-पश्चिम जोडणाऱ्या मार्गांची, ५०० ची नवी मुंबईकडे, ७०० ची मीरा-भाईंदरकडे. म्हणून मुंबईकराला नंबर ऐकूनच गाडी कुठल्या भागातली ते कळतं. १२३ म्हटलं की मरीन ड्राइव्ह, ३३२ म्हटलं की कुर्ला-अंधेरी.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो.

१९९० च्या सुरुवातीपर्यंत बेस्टकडे सुमारे ९०० डबलडेकर होत्या. त्यानंतर त्या झपाट्याने कमी झाल्या. सुलभाताई म्हणाल्या तसे दोन कंडक्टर आणि एक ड्रायव्हर, म्हणजे एका गाडीमागे तीन पगार. एकूण ताफा मात्र वाढत राहिला. २०१० च्या आसपास साडेचार हजारांच्या घरात गाड्या आणि रोजचे ४० लाखांहून जास्त प्रवासी.

हे परवडत होतं कारण परिवहनाचा तोटा वीज विभाग भरून काढत होता. मग विजेचे दर नियामक आयोग ठरवू लागला, २००३ चा वीज कायदा आला. परिवहनाची तूट वीजग्राहकाकडून का वसूल करायची यावर वाद आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. वीजबिलात परिवहन तुटीचा वेगळा आकार काही वर्षं होता, तोही शेवटी गेला. कुलाब्यातल्या वीजग्राहकाने गोराईच्या बसप्रवाशाचा तोटा का भरावा, हा प्रश्न चुकीचा नाही. पण त्याची जागा दुसऱ्या कोणत्या पैशाने घ्यायची हे कोणी ठरवलंच नाही. महापालिका म्हणते आम्ही मदत देतो, बेस्ट म्हणते ती पुरत नाही, आणि दरवर्षी अर्थसंकल्पात हीच झटापट.

परिणाम ताफ्यावर झाला. जुन्या गाड्या भंगारात निघत गेल्या, नव्या घ्यायला पैसे नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचा, म्हणजे वेट लीजचा, मार्ग मोकळा झाला. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, पैसे किलोमीटरप्रमाणे. स्वतःच्या ३,३३७ गाड्या कायम ठेवायच्या असं युनियनशी ठरलं होतं. २०२५ मध्ये स्वतःच्या पाचशेही उरल्या नव्हत्या.

रस्ते_अभियंता

वेट लीज ही कल्पना म्हणून वाईट नाही. लंडनमध्येही बस खासगी कंपन्या चालवतात. मार्ग, वेळापत्रक, भाडं आणि दर्जा शहर ठरवतं. प्रश्न कराराच्या अटींचा आणि देखरेखीचा आहे.

सुलभा_वडाळा

दादा, कागदावर बरोबर असेल. पण लंडनच्या कंपनीने ड्रायव्हरचा पगार थकवला तर काय होतं? इथे काही कंत्राटदारांनी अर्ध्यावर काम सोडलं, गाड्या डेपोत उभ्या राहिल्या, ड्रायव्हर पगारासाठी रस्त्यावर आले. बाबांच्या काळी नवीन ड्रायव्हरला जुन्या माणसाबरोबर मार्गावर पाठवून तयार करायचे. डिसेंबर २०२४ मध्ये कुर्ल्याला तो भयंकर अपघात झाला, तेव्हा भाड्याच्या विजेच्या बसवर चालकाला पुरेसं शिकवलं होतं का, हाच प्रश्न पुढे आला. माणसं गेली त्यात.

रस्ते_अभियंता

सुलभाताई, या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत. विजेच्या गाडीचा जोर पायाखाली एकदम मिळतो आणि गिअर नसतो, त्यामुळे डिझेलवर वर्षानुवर्षं काढलेल्या माणसालाही ती नव्याने शिकावी लागते. ते शिक्षण देण्याची जबाबदारी ज्याच्या नावाने बस धावते त्याची. ती कंत्राटात वाटून टाकता येत नाही.

घाटकोपरी

आणि भाडं? २०१९ च्या जुलैत किमान भाडं पाच रुपये केलं तेव्हा आमच्या स्टॉपवर रांगा लागायला लागल्या. रिक्षावाले नाराज. मग मे २०२५ मध्ये पाचाचे दहा, एसीचे सहाचे बारा. माझ्या घरी कामाला येणाऱ्या मावशी स्टेशनपासून चालत येऊ लागल्या. गाड्या कमी, थांबणं जास्त आणि भाडं दुप्पट, हे एकत्र करायला नको होतं.

डेपोकर

घाटकोपरी, पाच रुपयांचा निर्णय मला तेव्हाही आवडला होता आणि आजही मी त्याच्या बाजूने आहे. स्वस्त भाड्याने प्रवासी परत आले हे सगळ्यांनी पाहिलं. चूक झाली ती दुसरीकडे. प्रवासी आले, पण त्यांना न्यायला गाड्या वाढवल्या नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत लोकल सर्वसामान्यांना बंद होती तेव्हा डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांना बेस्टनेच कामावर पोचवलं. त्या वेळी स्वतःचे ड्रायव्हर, स्वतःचे कंडक्टर, स्वतःचे डेपो होते म्हणूनच ते शक्य झालं.

माझं म्हणणं एवढंच आहे: शहराकडे स्वतःच्या गाड्यांचा एक भक्कम हिस्सा, निदान निम्मा, असलाच पाहिजे. आणि ट्रामच्या काळात वीज जशी होती तसा एक कायमचा पैशाचा झरा बसच्या नावाने राखून ठेवला पाहिजे. पार्किंगचे पैसे असोत, वाढीव एफएसआयचे, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचे, असोत. दरवर्षी हात पसरायची वेळ येता कामा नये.

चिराबाजारकर

पूर्ण अनुमोदन. आणि डेपोंच्या जमिनी विकून तूट भरायचा जो विचार अधूनमधून डोकं वर काढतो, त्याला मात्र ठाम नकार. डेपो गेला की गाडी रात्री उभी कुठे करणार?

मेलबर्नचा_मंदार

जुन्या डबलडेकर पूर्ण गेल्या का? मागच्या खेपेला मुंबईत आलो तेव्हा एकही दिसली नाही. आणि ट्राम कुठे बघायला मिळेल? मुलीला दाखवायची आहे.

डेपोकर

जुनी डिझेलवरची डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. मार्ग ४१५, अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झला. लोकांनी हार घालून निरोप दिला. उघड्या टपाची पर्यटन बसही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बंद झाली. त्याआधी फेब्रुवारीत विजेवरची एसी डबलडेकर आली होती. सुरुवात ११५ नंबरवर, सीएसएमटी ते एनसीपीए. स्विच कंपनीची गाडी, दोन दरवाजे, दोन जिने. त्यामुळे चढणारे आणि उतरणारे एकाच जिन्यात अडकत नाहीत, जो सुलभाताईंच्या बाबांचा रोजचा त्रास होता.

ट्रामचा डबा सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत ठेवलाय, रस्त्यावरूनच दिसतो. पण मुलीला घेऊन खरोखर जायचं असेल तर आणिक डेपोतलं बेस्टचं संग्रहालय बघा. जुनी तिकिटं, पंच, गाड्यांच्या प्रतिकृती, सगळं आहे. जायच्या आधी वेळेची चौकशी करून जा.

घाटकोपरी

नवी डबलडेकर आमच्याकडे का येत नाही? जुनी तर कुर्ल्यापर्यंत यायची.

रस्ते_अभियंता

उंचीमुळे अडचण होते. जुन्या मार्गांवर मधल्या काळात स्कायवॉक, मेट्रोची स्थानकं, पादचारी पूल आले, झाडांच्या फांद्या खाली आल्या. प्रत्येक मार्गाची उंची मोजून, फांद्या छाटून, मगच गाडी सोडता येते. विजेच्या गाडीला शिवाय त्या बाजूच्या डेपोत चार्जिंगची सोय लागते. तुमच्या भागातल्या डेपोत ती झाली की मागणी लावून धरा, रस्ता मोजून द्यायला मी येतो.